मशीन ठीक आहे, पिक्चर जुना झालाय

मागे बसलेल्यांना आवाज येतोय ना? ठीक.

हे भाषण व्हिडिओवरून पुण्या-मुंबईकडचे, इंदूर-बडोद्याकडचे लोकही बघणार आहेत असं मला सांगितलंय, म्हणून आधी ठिकाण सांगतो. मी बोलतोय रायपूरच्या तात्यापाऱ्यातून. छत्तीसगडात पारा म्हणजे आळी, मोहल्ला. ब्राह्मणपारा, बूढापारा, तसा आमचा तात्यापारा. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून इकडे मराठी घरं आली आणि राहिली. आमच्याकडे घरात मराठी, दारात हिंदी आणि भाजीवालीशी छत्तीसगढी. त्यामुळे माझं मराठी थोडं खिचडी आहे, सांभाळून घ्या.

विषय कळल्यावर दोघातिघांनी फोन केले. "कर्नलसाहेब, तुम्ही कारगिलवर बोलाल असं वाटलं होतं. हे जत्रेतल्या पाळण्याचं काय काढलंत?" तर पहिली गोष्ट, मी कारगिलला नव्हतो. मी रणगाड्यांतला माणूस, आमची रेजिमेंट तेव्हा राजस्थानच्या वाळूत होती. दुसरी गोष्ट, ज्या पाळण्याबद्दल मी बोलणार आहे, त्याच्याशी फौजेचं नातं तुम्हाला वाटतं त्यापेक्षा जवळचं आहे. ते सांगतोच.

झालं असं की माझे एक स्नेही एक छोटं मनोरंजन पार्क चालवतात. शहराचं नाव सांगत नाही, पार्कचंही नाही, कारण निर्णय अजून व्हायचा आहे. त्यांच्याकडे एक सिम्युलेटर राइड आहे. सोळा खुर्च्यांचा एक डबा, समोर पडदा, डब्याखाली सहा पाय. पडद्यावर खाणीतली ट्रॉली बर्फाच्या डोंगरातून सुसाट पळते आणि डबा तिच्याबरोबर वाकतो, दचकतो, आपटतो. पाच मिनिटांचा खेळ. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी सुरू झाली तेव्हा वेगळं तिकीट होतं आणि रांग बाहेरच्या उसाच्या रसवाल्यापर्यंत जायची. मग रांग आखडली. मग वेगळं तिकीट गेलं, राइड प्रवेशाच्या पैशातच सामील झाली. कुठलीही वस्तू फुकट वाटायला लागले की समजावं, तिची तब्येत ठीक नाही.

गेल्या वर्षी मालकांनी मला विचारलं, "तुम्ही फौजेत सिम्युलेटरवर काम केलंय. एकदा येऊन बघा आणि सांगा, ठेवू की काढू?" एक विक्रेता त्यांच्या मागे लागला होता. जुना डबा भंगारात घाला आणि त्या जागी डोक्याला लावायच्या व्हीआर चष्म्यांच्या आठ खुर्च्या बसवा, असा त्याचा प्रस्ताव.

मी हो म्हणालो. इथे एक गोष्ट मालकांना तेव्हा सांगायला हवी होती, ती मी सांगितली नाही. ती तुम्हाला सांगतो. ती राइड चालवणारा माणूस मीच तिथे लावून दिला होता. ईएमईमधला निवृत्त हवालदार, धमतरीकडचा. ईएमई म्हणजे फौजेचे मेकॅनिक. रणगाडा, गाडी, रेडिओ, काहीही बिघडलं की हेच लोक. राइड गेली असती तर या गृहस्थांना तिकीट खिडकीवर बसावं लागलं असतं, किंवा घरी. तेव्हा मी परीक्षक म्हणून गेलो खरा, पण निष्पक्ष नव्हतो. उलट म्हणूनच मी पहिल्या दिवशी जरा जास्तच कडक झालो. आपल्या माणसाची बाजू घेतली असं कोणी म्हणू नये, म्हणून आपल्याच माणसाच्या विरुद्ध जायचं, हा अधिकाऱ्यांचा जुना रोग आहे.

आता फौजेचं नातं.

एडविन लिंक नावाचा एक अमेरिकन तरुण होता. न्यूयॉर्क राज्यात बिंगहॅमटन गावी त्याच्या वडिलांचा ऑर्गन आणि आपोआप वाजणारे पियानो बनवायचा कारखाना होता. याला विमानाचं वेड. शिकवणीचे पैसे परवडेनात, म्हणून १९२९ च्या सुमारास त्याने कारखान्यातलेच भाते घेतले. आपल्या पेटीला असतात तसे हवेचे भाते. ते एका खोट्या विमानाखाली बसवले. दांडी ओढली की भात्यात हवा भरायची आणि विमान जागच्या जागी कलायचं. उड्डाण शाळांनी फारशी दखल घेतली नाही. मग पहिली गिऱ्हाइकं कोण? करमणुकीची पार्कं! नाणं टाका, विमानात बसा. म्हणजे जगातलं पहिलं नावाजलेलं सिम्युलेटर आधी जत्रेत गेलं, मग फौजेत.

फौजेला ते आठवलं १९३४ साली. अमेरिकी लष्कराच्या वैमानिकांकडे टपाल नेण्याचं काम आलं आणि धुक्यात, रात्री, केवळ यंत्रांवर नजर ठेवून उडवायची सवय नसल्याने बरेच तरुण वैमानिक मेले. तेव्हा लष्कराने लिंककडून सहा पेट्या घेतल्या. दुसऱ्या महायुद्धात त्या हजारोंनी बनल्या. पुढे भात्यांच्या जागी तेलाच्या दाबावर चालणारे पाय आले, पडदा आला, संगणक आला. आणि १९८७ च्या जानेवारीत चक्र पूर्ण फिरलं. कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँडने रेडिफ्युजन या ब्रिटिश कंपनीचं वैमानिक प्रशिक्षणाचं सिम्युलेटर तंत्र घेतलं, त्यावर चाळीस माणसांचा डबा बसवला आणि 'स्टार टूर्स' नावाची राइड उघडली. जत्रेतून फौजेत गेलेला पाळणा वैमानिकांकडून शिकूनसवरून परत जत्रेत आला.

तो काम कसा करतो ते थोडं सांगतो, कारण त्याचं म्हातारपण त्यातच आहे. तुम्हाला वेगाने पुढे नेल्यासारखं वाटावं तर डबा हळूच मागे कलतो. पाठ खुर्चीत रुतते. आपल्या कानात तोल सांभाळणारा जो अवयव आहे, त्याला जमिनीची ओढ आणि वेगाची ओढ यांतला फरक स्वतःहून कळत नाही. डोळे म्हणतात आपण पुढे पळतोय, कान म्हणतो असेल बुवा. मग पुढच्या धक्क्यासाठी पाय मध्यावर आणावे लागतात, तर मशीन इतक्या सावकाश सरळ होतं की कानाला पत्ता लागत नाही. सगळी फसवणूक आहे, आणि फसवणुकीत वेळ पाळावी लागते. चित्रात ट्रॉली आपटली आणि डबा अर्ध्या सेकंदाने आपटला, की डोळा आणि कान भांडायला लागतात, आणि त्यांच्या भांडणात पोटाचा निकाल लागतो. रणगाड्यात आत बसलेल्याला मळमळतं आणि चालवणाऱ्याला नाही, त्याचंही कारण हेच. चालवणाऱ्याला पुढचा खड्डा आधी दिसतो.

म्हणून मला वाटलं, या राइडला लोक कंटाळले ते मशीन झिजल्यामुळे. सील गळत असतील, व्हॉल्व्ह उशिरा उघडत असतील, लोकांचं डोकं दुखत असेल. मी घड्याळ घेऊन बसलो. हवालदारसाहेबांनी रिकामा डबा चालवून दाखवला. ते रोज सकाळी पहिली फेरी रिकामीच चालवतात. फिल्टरची वही, तेलाच्या तपमानाची वही, पट्टे तपासल्याची वही, सगळं समोर ठेवलं. आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसला जातो. हा दुसरा पारा. तेव्हा हे दुपारी दर दोन फेऱ्यांनंतर पंप थांबवतात. एका पायाचं सील गळत होतं, त्याखाली पत्र्याचा डबा लावलेला होता. मी बोट दाखवलं. ते म्हणाले, "साहब, सील मँगाया है. मशीन ठीक है. पिक्चर पुरानी है."

मी लिहून घेतलं, 'गळती आहे', आणि त्यांचं दुसरं वाक्य लिहून घेतलं नाही. घरी येऊन पहिला मसुदा केला: राइड काढावी. तो मसुदा पाठवला नाही, त्याचं श्रेय माझ्या शहाणपणाला नाही. त्या रात्री मला एक जुनी गोष्ट आठवली.

अहमदनगर, आता अहिल्यानगर. तिथे आमचं आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल आहे, रणगाड्यांची पंढरी म्हणा. मी तरुणपणी तिथे शिकलो. नंतर दुसऱ्या एका ठिकाणी आमच्याकडे गनरसाठी सिम्युलेटर आलं. रणगाड्याचा गोळा महाग, चांदमारीची जागा मोजकी, म्हणून जवानांना आधी पडद्यावर नेम धरायला शिकवायचं. आमचा एक गनर त्यात असा तयार झाला की सगळे थक्क. लक्ष्य दिसायच्या आत त्याची तोफ तिकडे वळलेली असायची. मी विचारलं, "तुला कसं कळतं रे?" तो निरागसपणे म्हणाला, "साहेब, तिसऱ्या झाडाआडून येतो तो. मग डावीकडची टेकडी." त्याला नेमबाजी आली नव्हती, पिक्चर पाठ झाला होता!

त्या दिवशी मशीनमध्ये काहीही बिघाड नव्हता. बिघाड होता तो शिक्षकाच्या टेबलावर. सिम्युलेटरच्या मागे एक टेबल असतं. तिथे बसलेला माणूस धुकं सोडतो, रेडिओ बंद पाडतो, लक्ष्य उलट्या बाजूने आणतो. आमचा शिक्षक आळसाने तोच तो अभ्यास लावत होता. त्याला हलवला, त्या गनरचा नेम आठवड्यात जमिनीवर आला, आणि मग खरोखर सुधारला. फौजेचं सिम्युलेटर वीस वर्षं कामाचं राहतं ते त्या टेबलामुळे. करमणुकीच्या सिम्युलेटरला ते टेबलच नाही. एक पिक्चर, आणि त्याच्या प्रत्येक दृश्याला खिळ्याने ठोकलेला एक धक्का.

आता या प्रकाशात 'स्टार टूर्स'कडे बघा. तिचा वैमानिक होता एक यंत्रमानव, रेक्स. त्याची गंमत अशी की तो नवशिका, त्याची ही पहिलीच फेरी. म्हणून तो वाट चुकतो, धडकता धडकता वाचतो. ९ जानेवारी १९८७ ला उघडलेली ही राइड कॅलिफोर्नियात २७ जुलै २०१० पर्यंत चालली. साडेतेवीस वर्षं त्या बिचाऱ्याची पहिलीच फेरी! रोज, दिवसातून कितीतरी वेळा. जे पोर पहिल्या वर्षी बसलं ते पुढे आपलं पोर घेऊन आलं असेल, आणि रेक्स अजून नवशिकाच.

फ्लोरिडातल्या एपकॉट पार्कात १९८९ साली अशाच डब्यांवर 'बॉडी वॉर्स' नावाची राइड निघाली. तुम्हाला सूक्ष्म करून माणसाच्या शरीरात सोडायचं, रक्तातून हृदयात, फुप्फुसात. कल्पना छान. पण डोळा-कानाचं भांडण तिथे इतकं व्हायचं की मळमळीसाठीच ती गाजली. मोठ्या विमा कंपनीचा आश्रय होता तोपर्यंत निभावलं, तो गेल्यावर ती फक्त गर्दीच्या हंगामात चालू लागली आणि २००७ साली बंद झाली. तिच्या डब्यांत पुढे दुसरा पिक्चर आला नाही. इमारत उरली, राइड गेली.

त्याच फ्लोरिडात युनिव्हर्सलच्या पार्कात 'बॅक टू द फ्युचर'ची राइड १९९१ पासून होती. आठ जणांच्या मोटारी, समोर घुमटासारखा प्रचंड पडदा. तीही २००७ मध्ये बंद झाली. पण तिथे मालकांनी इमारत ठेवली, पडदा ठेवला, हलणारं यंत्र ठेवलं, आणि २००८ साली त्याच सांगाड्यावर 'सिम्पसन्स'ची राइड उभी केली. शरीर तेच, कपडे नवे. आणि 'स्टार टूर्स'वाल्यांनी २०११ मध्ये याहून पुढची उडी मारली. एका पिक्चरऐवजी तुकडे केले. सुरुवात दोन प्रकारची, पहिला मुक्काम तीन प्रकारचा, मधला निरोप तीन प्रकारचा, शेवटचा मुक्काम तीन प्रकारचा. दोन गुणिले तीन गुणिले तीन गुणिले तीन, चोपन्न. बसणाऱ्याला माहीत नाही आज कुठला पत्ता निघणार. म्हणजे त्यांना ते शिक्षकाचं टेबल सापडलं, फक्त त्यावर माणसाऐवजी संगणक बसवला.

हे सगळं अमेरिकेचं झालं. आपल्याकडचं उदाहरण खोपोलीजवळच्या इमॅजिकाचं. मनमोहन शेट्टींनी, म्हणजे ॲडलॅब्सवाल्यांनी, २०१३ साली ते उघडलं. पुढे कर्जाचा डोंगर झाला आणि २०२२ मध्ये ते संगमनेरच्या मालपाणी समूहाकडे गेलं, हे तुम्ही वाचलं असेल. तिथे दोन सिम्युलेटर पद्धतीच्या राइड मी पाहिल्या. एक 'आय फॉर इंडिया', त्यात पाय लोंबकळत ठेवून तुम्ही देशावरून उडता. दुसरी 'मिस्टर इंडिया', १९८७ च्या त्या गाजलेल्या चित्रपटावरची.

पुण्याच्या माझ्या बहिणीचा नातू तेव्हा नऊ वर्षांचा. रांगेत मी त्याला म्हटलं, "आता मिस्टर इंडिया!" तो म्हणाला, "आजोबा, ते बॉडीबिल्डिंगवाले?"

मी हसलो, मग लक्षात आलं की हसण्यासारखं काही नाही. १९८७ साली मी कॅप्टन होतो. तो पिक्चर आम्ही युनिटच्या मैदानात चादरीच्या पडद्यावर पाहिला, अर्धे जवान चादरीच्या मागच्या बाजूने. अदृश्य करणारं घड्याळ, अमरीश पुरींचा मोगॅम्बो, श्रीदेवी. रांगेतल्या चाळीशीच्या बापांचे डोळे चमकत होते, पोरं मोबाइलमध्ये होती. मग त्या पोराच्या बापाने त्याला सगळी गोष्ट रांगेतच सांगितली, हातवारे करून. गोष्ट राइडपेक्षा लांब झाली. पण आत शिरताना पोराचे डोळेही चमकत होते. पोर रंगलं ते बापाच्या गोष्टीमुळे. राइड छान होती, हे वेगळं सांगायला नको. पण मला विचाराल तर अशा राइडचं वय तिच्या उद्घाटनापासून मोजू नये, तिच्या गोष्टीच्या जन्मापासून मोजावं. २०१३ साली उघडलेल्या पार्कात ती आली तेव्हाच तिची गोष्ट सव्वीस वर्षांची होती. आज त्या गोष्टीने पस्तिशी ओलांडली. ती बदलायची की नाही हे तिथले लोक ठरवतील. मी असतो तर गोष्टीला अजून एक संधी दिली असती, पण रांगेत ती सांगायला एक फर्डा माणूस उभा केला असता.

हे बोलतोय ते नुसतं तत्त्वज्ञान नाही. आता आमच्या पार्काकडे परत येतो.

मसुदा खिशात ठेवून मी एका रविवारी, न कळवता, परत गेलो. साध्या कपड्यांत, टोपी घालून, रसवाल्याच्या बाकावर बसलो. दिवसभरात अकरा फेऱ्या मोजल्या. सकाळच्या चार फेऱ्यांत सोळापैकी पाच-सहा खुर्च्या भरलेल्या. बाहेर पडणारी पोरं थेट पुढच्या पाळण्याकडे. मग दुपारी तीननंतर काहीतरी बदललं. आतून हसण्याचा आवाज येऊ लागला. फेरी संपली की पोरं बाहेर येऊन परत रांगेत. मी चक्रावलो, तिकीट दाखवून आत जाऊन बसलो.

पडद्यावर तीच ट्रॉली, तोच बर्फ. आणि स्पीकरवर आमचे हवालदारसाहेब, छत्तीसगढीत: गाडी धमतरीहून सुटली आहे, ब्रेक ईएमईने दुरुस्त केलेत म्हणून घाबरू नका, हा बर्फ नाही, राजिमच्या मेळ्यातला बर्फाचा गोळा सांडलाय. पुढच्या वळणावर कोणाच्या तरी सासूबाई रुळावर आल्या. त्या फेरीत एक कुटुंब जगदलपूरचं होतं, तर ट्रॉली चित्रकोटच्या धबधब्यात पडली आणि इंद्रावतीतून बाहेर निघाली. प्रत्येक धक्का कुठे येणार हे या माणसाला सोळा वर्षांत पाठ झालेलं. आमच्या गनरसारखंच. फक्त पाठांतराचा उपयोग त्यांनी उलटा केला. धक्का तोच, कारण दर फेरीला नवं.

संपल्यावर मी माइकच्या खोलीत गेलो. ते एकदम सावधानमध्ये उभे राहिले. वाटलं असेल, आता साहेब झापणार. "कधीपासून चाललंय हे?" "साहब, दो महीने से. सिर्फ तीन बजे के बाद. सुबह मैनेजर साहब राउंड पे रहते हैं." मालकांना पत्ता नव्हता!

फौजी माणूस म्हणून मला यात दोन गोष्टी खटकल्या आणि त्या मी तिथेच सांगितल्या. एक, परवानगी न घेता केलं. दुसरी जास्त महत्त्वाची. चालवणाऱ्याचं लक्ष खुर्च्यांवर हवं. बोलण्यात रंगलेल्या माणसाला पट्टा सुटलेलं पोर दिसलं नाही तर? ते म्हणाले, एकदा तिसऱ्या वळणाला एका मुलाला उलटीचं दिसलं, तेव्हा बोलता बोलता बटण दाबून डबा थांबवला होता. वही उघडून तारीख दाखवली. या माणसाकडे प्रत्येक गोष्टीची वही आहे. तरी मी ऐकलं नाही. आता माइकवर तेच असतात, पण बटणापाशी दुसरा मुलगा बसतो. त्याला तेच शिकवतायत.

मग मी नवा अहवाल लिहिला. त्यात पहिली ओळ लिहिली की राइड चालवणारा माणूस माझ्या शिफारशीने लागलेला आहे, हे लक्षात घेऊन पुढचं वाचावं. मालक ती ओळ वाचून म्हणाले, "ये तो मुझे पहले दिन से पता है." जाऊ द्या.

अहवालात लिहिलं: सहा पाय ठेवा, एक सील बदला, प्रोजेक्टर बदला कारण चित्र खरंच फिकं पडलंय. पिक्चर नवे घ्या, एक नाही, निदान दोन. इथे खर्चाची अडचण आहे. नवा पिक्चर म्हणजे नुसती चित्रफीत आणून चालत नाही, त्याच्या प्रत्येक दृश्याचे धक्के नव्याने लिहून घ्यावे लागतात, ते काम जाणणारे लोक थोडे आणि महाग. म्हणून मी सुचवलं की एक पिक्चर इथलाच करा. चित्रकोट, कांगेर घाटातली कुटुमसर गुहा, महानदी. छत्तीसगडच्या पोराला स्वित्झर्लंडच्या बर्फापेक्षा कुटुमसरच्या अंधारात जास्त भीती वाटेल.

चष्म्यांबद्दलही प्रामाणिकपणे लिहिलं. मी एक चष्मा लावून पाहिला. चित्र जबरदस्त, आमच्या फिक्या पडद्याची त्याच्याशी तुलनाच नाही. विक्रेता खोटं बोलत नव्हता. जागा कमी लागते, पिक्चर सहज बदलतात. पण आठ जण आठ चष्म्यांत एकेकटे बसतात. आई शेजारी असून पोराला दिसत नाही. डब्यात सोळा जण एकाच वेळी उजवीकडे कलतात, अनोळखी माणसाच्या खांद्यावर आपटतात, आणि मग दोघं हसतात. अर्थात घाम, जंतू, चष्मे पुसण्याचा खर्च हेही लिहिलं, कारण मालकांना खांद्यापेक्षा ते पटकन कळतं.

मालकांनी अहवाल नीट वाचला. व्यापारी माणूस, त्यांनी एकच प्रश्न विचारला आणि तो बरोबर होता. "कर्नलसाहब, हवलदार छुट्टी पे गया तो?" डिस्नेच्या चोपन्न पत्त्यांना सुट्टी लागत नाही. आमचं टेबल माणसाचं आहे, आणि त्या माणसाचं वय अठ्ठावन्न. मी म्हटलं, म्हणून तर दुसरा मुलगा. ते म्हणाले, तो मुलगा चार महिन्यांत मोबाइलच्या दुकानात जाईल. याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

त्यांनी कार्तिक पौर्णिमेपर्यंत मुदत दिली आहे. म्हणजे आमच्या खारूनच्या काठी महादेव घाटावर मेळा भरतो तोवर. तेव्हा प्रेक्षकांची वही, हो, तीही वही आहेच, बघून ठरवणार. सील बदलून झालं, प्रोजेक्टर यायचाय. चष्मेवाला अधूनमधून फोन करतो. आणि तो बटणावरचा मुलगा परवा पहिल्यांदा माइकवर बसला. हवालदारसाहेब मागे उभे होते. त्याने ट्रॉली थेट तात्यापाऱ्यातून नेली, गणपतीच्या मांडवाखालून. वळणावर अडखळला, धक्का आधी आला आणि त्याचं वाक्य नंतर. डब्यातल्या एका मुलीने ओरडून विचारलं, "भैया, आगे क्या हुआ?"

त्या वेळी मी डब्यात होतो. पुढे काय झालं ते मलाही माहीत नव्हतं.

चला. प्रश्न असतील तर विचारा, आणि चहा आलाय असं मला तिकडून खुणावतायत.